एका रेघेची दुरुस्ती

शमा,

गेल्या सोमवारी कॉलेजात तुझी शोकसभा झाली. फुलं भरपूर होती आणि फोटो मात्र तुला सगळ्यांत नावडता, ओळखपत्रावरचा. प्राचार्य उभे राहिले आणि म्हणाले, "शमशाद मॅडम अतिशय मितभाषी होत्या." मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. मी दत्तूमामांकडं बघितलं. आपल्या रसायनशाळेचे हे परिचर बावीस वर्षं तीन खोल्यांपलीकडून तुझा आवाज ऐकत आलेत. ते छताकडं बघत बसले होते.

मग प्राचार्य म्हणाले, "मॅडमच्या नावावर सतरा शोधनिबंध आहेत."

सोळा. सतरावा आपण दोघींनी मागं घेतला होता. त्याच्यासाठी आपण साडेतीन महिने एकमेकींशी बोललो नव्हतो आणि माझी बढती लांबली होती. तू तिथं असतीस तर स्वतःच्या शोकसभेत उठून "ओ सर, सोळा की" म्हणाली असतीस. मी बसून राहिले. गेलेल्या माणसाचा एक निबंध भर सभेत कमी करायचा, हे बरं दिसेल का, असं मनात आलं. नंतर दोन मिनिटं सगळे शांत उभे राहिले आणि त्या दोन मिनिटांत मला तुझाच आवाज ऐकू येत होता.

आपण दोघी एकाच महिन्यात नोकरीला लागलो आणि एकच टेबल वाटून घेतलं. मी शिरोळची, तू मुरगूडची. मी पुण्याला शिकून आल्यामुळं जरा जपून बोलायची आणि तू आपल्याकडच्या पोरींसारखी बिनधास्त 'मी येतो, मी जातो' करायचीस. पहिल्याच आठवड्यात माझा वहीतला एक आकडा चुकला, तो मी पेनानं पार काळा करून खोडला. तू वही ओढून घेतलीस.

"काय केलंस हे? चोरी केलीयास व्हय?"

"चुकला होता गं."

"मग एक रेघ मारायची. सरळ. खालचं वाचता आलं पायजे. वर बरोबर लिवायचं, सही करायची, आजची तारीख घालायची. आणि ज्यानं ते बघितलं त्याची शेजारी दुसरी सही."

"चुकीचं कशाला वाचता यायला पाहिजे?"

"चुकलं तेबी झालंच की. झालंच न्हाय म्हणतीस?"

मला राग आला होता. नवीन माणसाला असं बोलतात का? पण जेवणाच्या सुट्टीत तू डब्यातला खर्डा माझ्या भाकरीवर न विचारता वाढलास आणि तिथून पुढं बावीस वर्षं मी तो खाल्ला. गेल्या महिन्यापासून माझ्या भाकरीवर काही नसतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुला सांगते.

आता गुळाचं.

काहिलीत उसाचा रस उकळताना मळी वर यावी म्हणून रानभेंडीची खोडं ठेचून त्यांचा चिकट रस घालतात, हे आपल्याकडं शाळेतली पोरंही सांगतील. पण नुसत्या भेंडीनं गूळ बाजाराला हवा तसा पिवळाधमक निघत नाही, म्हणून बरेच जण पांढरी पावडर टाकतात. ती खाणाऱ्याच्या पोटाला बरी नव्हे. भेंडीची मात्रा आणि वेळ नीट साधली तर पावडरीची गरजच नाही, हे सिद्ध करायचं आपण मनावर घेतलं. तुझ्या ओळखीचे मुरगूडकडचे श्रीपतीअण्णा हे नावाजलेले गुळवे. त्यांच्या गुऱ्हाळावर आपण गेलो, सोबत दत्तूमामा नमुन्याचे डबे घेऊन. नवी मात्रा घातलेल्या त्या एका काहिलीवर आपला सगळा निबंध उभा राहिला. आता हे सांगताना कानशिलं गरम होतात.

काय गूळ निघाला होता पण! सोन्यासारखा. आपण त्याचा रंग मोजला, ओलावा मोजला, साखर मोजली. पावडरीतलं गंधक मात्र तपासलं नाही, कारण पावडर घातलीच नव्हती ना. निबंध छापून आला, लोकांनी त्याचा दाखला दिला, शेतकरी मेळाव्यांत माहिती सांगितली गेली. शिरोळला माझ्या सुमनवहिनीनंही ऐकलं. ती माझी चुलत भावजय. त्यांचं स्वतःचं छोटं गुऱ्हाळ. तिनं आपल्या मात्रेनं भेंडी घातली आणि तिचा गूळ काळपट निघाला. अडत्यानं तिच्या गुळाचे रवे बाजूला काढून ठेवले. तिनं मला फोन केला तेव्हा मी म्हणाले, "वहिनी, तू भेंडी नीट ठेचली नसशील." जन्मभर भेंडी ठेचलेल्या बाईला मी हे सांगितलं. तू शेजारी बसून ऐकत होतीस आणि मान हलवत होतीस, म्हणजे त्या पापात अर्धा वाटा तुझाही आहे.

चार वर्षांनी श्रीपतीअण्णांच्या मुलीचं लग्न आलं. पंगतीत अण्णा स्वतः आग्रह करत फिरत होते. आपल्यापाशी आले आणि जिलबी वाढता वाढता म्हणाले, "बाई, त्या दिसाचा गूळ ध्यानात हाय न्हवं?"

"हाय की अण्णा," तू म्हणालीस. "त्याच्यावर तर आमचं नाव झालं."

"व्हणारच. म्या चिमूटभर पावडर टाकलीती त्यात."

तुझा हात ताटातच थांबला. अण्णा मात्र खुशीत होते. "तुमी दोघी पावण्या एवढ्या लांबनं आलासा. तुमच्या म्होरं काळा गूळ निघाला असता तर माझी काय इज्जत ऱ्हायली असती?"

"आणि काहिलीपाशी कोण होतं तवा?"

"कोण न्हवतं. म्हणून तर टाकली."

काहिलीपाशी कोण असायला हवं होतं ते मला माहीत होतं. काहील सांभाळायची पाळी माझी होती. तू सावलीत बसून डब्यांवर नावं लिहीत होतीस. मालकीणबाईंनी जेवायला हाक मारली आणि मी उठून गेले. मी असं समजत होते की हे फक्त मला ठाऊक आहे.

तू अण्णांना एका शब्दानं दुखावलं नाहीस. "अण्णा, लई मायेनं मारलासा की," एवढंच म्हणालीस. त्यांना ते कौतुक वाटलं आणि त्यांनी तुला आणखी एक जिलबी वाढली.

मुरगूडच्या स्टँडवर एसटीची वाट बघत आपलं भांडण सुरू झालं, ते कोल्हापूर आलं तरी चालूच. तुझं म्हणणं, उद्याच्या उद्या जर्नलला लिहायचं आणि निबंध मागं घ्यायचा. माझं म्हणणं, थांब. माझी प्रोफेसरपदाची मुलाखत दीड महिन्यावर होती आणि त्या अर्जात हा निबंध पहिल्या क्रमांकावर होता. मी म्हणाले, पुढच्या निबंधात तळटीप देऊ. मी म्हणाले, चिमूटभरानं असा काय फरक पडतोय. रसायनशास्त्राची बाई असून मी हे म्हणाले, आणि पुढच्या सीटवरचा म्हातारा मागं वळून बघायला लागला.

"सुमनवहिनीला काय सांगायचं मग?" तू विचारलंस.

"तिला कशाला काही सांगायचं? तिनं भेंडी केव्हाच सोडली."

"तिला आपण म्हटलं, तुला ठेचता येत न्हाय."

मी ओरडले. "तुझं काय जातंय? काहिलीपाशी मी नव्हते. नाव माझं खराब होणार."

तू माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "दोघी न्हवतो."

मी म्हणाले, "माझ्यावर उपकार करू नकोस." आणि खिडकीकडं तोंड फिरवलं.

त्यानंतरचे साडेतीन महिने दत्तूमामांनी काढले तसे देवानं कुणालाही काढायला लावू नयेत. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना आपण बसायचो. तू म्हणायचीस, "दत्तूमामा, मॅडमना विचारा, ब्युरेटची पेटी कुठं हाय." मी म्हणायचे, "मामा, मॅडमना सांगा, त्यांच्या पायापाशी." मामा मधे उभे राहून दोन्ही वाक्यं इमानानं पोचवायचे. एकदा कंटाळून म्हणाले, "मॅडम, मी जरा चहा पिऊन येतो, तंवर तुमी दोघी डायरेक बोला." आपण दोघी एकदमच हसलो आणि लगेच तोंडं फिरवून बसलो. खर्डा मात्र त्या दिवसांतही माझ्या भाकरीवर यायचा. मामा आणून ठेवायचे.

माझी मुलाखत एक महिना पुढं गेली, मग आणखी एक. जर्नलला लिहायचं पत्र तू एकटीनं तयार केलंस आणि मामांच्या हाती माझ्याकडं पाठवलंस. माझ्या सहीशिवाय ते जाणार नव्हतं. मी ते ड्रॉवरमध्ये टाकलं.

मग एका रविवारी सुमनवहिनीचा फोन आला. "तुझी मैत्रीण येऊन गेली की गं. दोन एसट्या बदलून आलती. म्हणाली, वहिनी, तुमचं ठेचणं बरोबर होतं, आमचं मोजणं चुकलं. मी म्हटलं, एवढंच सांगायला आलासा व्हय? मग जेवूनच जावा. लई ग्वाड बाई हाय." आणि जरा थांबून म्हणाली, "तुला का येता आलं न्हाय?"

माझ्या घरी, माझ्या भावजयीकडं, मला न विचारता तू गेलीस म्हणून मी तास दोन तास संतापले. मग ड्रॉवर उघडला. पत्रात एक वाक्य होतं: दोन्ही लेखिका काही काळ काहिलीजवळ नव्हत्या. दोन्ही. पाळी तर माझी एकटीची होती. मी ते चार वेळा वाचलं. या बाईला खोट्याचा एवढा तिटकारा आणि माझ्यासाठी हिनं एक खोटं लिहिलं, असं माझ्या मनानं घेतलं. मला रडू आलं. मी सही केली आणि सोमवारी पत्र स्वतः तुझ्यापुढं ठेवलं. तू म्हणालीस, "ब्युरेट कुठं हाय?" मी म्हणाले, "तुझ्या पायापाशी."

निबंध छापायला जर्नलला दोन महिने लागले होते, काढायला चौदा लागले. तू दर पंधरवड्याला त्यांना पत्र लिहायचीस. "चोर सोताहून ठाण्यात आलाय आणि हे लोक हवालदार जेवायला गेलाय म्हणत्यात," असं स्टाफरूमभर सांगायचीस. शेवटी निबंधाच्या प्रत्येक पानावर 'मागे घेतला' असे आडवे लाल शब्द उमटले. दुसरी एखादी तोंड लपवून फिरली असती. तू त्याची रंगीत प्रत काढून प्रयोगशाळेतल्या कपाटाच्या दारावर चिकटवलीस, आणि दर वर्षी पहिल्या प्रॅक्टिकलला नव्या मुलांना तिथं उभं करायला लागलीस. "हे आमचं. जे न्हाय असं वाटतंय, ते आधी तपासा." मुलं आधी घाबरायची, मग अण्णांच्या जिलबीची गोष्ट ऐकून हसायची. ती तुझी सगळ्यांत चांगली तासिका होती आणि मी दारामागं उभी राहून ती दर वर्षी ऐकली आहे.

माझी मुलाखत पुढं जात जात शेवटी त्यानंतरच झाली आणि मला त्या लाल शब्दांबद्दल विचारलंच. पद मिळालं, पण दोन वर्षं उशिरा. त्याचं मला वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर तू वर बसून रेघ मारशील. वाटलं, खूप वाटलं. तू कधी "सॉरी" म्हणाली नाहीस. बढतीचं पत्र आलं त्या दिवशी मला मिसळ खायला घेऊन गेलीस आणि गाडीवाल्याला म्हणालीस, "कट वाढवा, बाई आज प्रोफेसर झालीया." यावर आपलं भांडण पुरं व्हायचं राहिलं आहे. माझं अजूनही म्हणणं आहे की तू मुलाखत होईपर्यंत थांबायला हवं होतंस. तुझं उत्तर मला माहीत आहे, तरी ते तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.

पुन्हा प्रयोग करायला गेलो तो दिवस आठवतो? या वेळी चार काहिली, चार वेगवेगळे दिवस. काहिलीच्या काठाशी आपण सतरंजी टाकून बसलो, जेवणाचे डबेही तिथंच उघडले. तू पाणी प्यायला उठतानासुद्धा "बघालीस न्हवं?" विचारायचीस. अण्णा रुसून लांब बसले होते. नुसत्या भेंडीचा गूळ काळपट तांबूस निघाला. तू बोटानं चाटून बघितलास आणि म्हणालीस, "रंगाला काळा हाय, पण चवीला कुणाला ऐकणार न्हाय." सुमनवहिनी आता तसाच गूळ करते. ओळखीची गिऱ्हाईकं घरून येऊन घेऊन जातात.

ते एक वाक्य मात्र मी मनात जपून ठेवलं. दोन्ही लेखिका. आठ वर्षं. तुझ्यावर चिडायचे तेव्हा ते आठवायचे आणि निवळायचे. त्याबद्दल तुला विचारायचं धाडस झालं नाही. आभार मानावेत तर तुला ते खोटं होतं हे मान्य करावं लागलं असतं, आणि मग तू दुसऱ्याच दिवशी जर्नलला पत्र लिहिलं असतंस.

बुधवारी तुझा भाऊ सलीम घरी आला. तुझ्या कपाटात कॉलेजची एक वही सापडली म्हणून देऊन गेला. चहा घेतला, तुझ्या आठवणी काढून खूप हसला आणि जिन्यात जाऊन डोळे पुसले. वही त्या गुऱ्हाळाची होती. पत्र लिहायला तू ती घरी नेली असणार. त्या दिवसाचं पान उघडलं. तुझं ते उभट अक्षर.

'१२.१० विजू सकाळपासून उपाशी. जेवायला पाठवली. काहील मी बघतो म्हटलं. १२.२५ सलीमचा फोन. रेंज न्हाय म्हणून बांधावर गेलतो. १२.४५ परत.'

शमा, तूच मला पाठवलं होतंस. मी ते साफ विसरले होते. मालकीणबाईंची हाक तेवढी ध्यानात ठेवली आणि तुझं 'मी बघतो' गाळून टाकलं. अण्णांची चिमूट पडली ती त्या वीस मिनिटांत. तेव्हा पाळी तुझी होती.

त्याच पानाच्या तळाशी 'निरीक्षण अखंड: होय' असं लिहिलं होतं. 'होय'वर एक सरळ रेघ. वर 'नाही'. शेजारी तुझी सही, आणि तारीख अण्णांच्या मुलीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवसाची. त्याच्या शेजारी एक छोटी आडवी रेघ ओढून तू जागा मोकळी सोडली होतीस. दुसऱ्या सहीची. तेव्हा आपण बोलत नव्हतो, आणि बोलायला लागल्यावर ते तुझ्याही ध्यानातून गेलं असेल. किंवा गेलं नसेल, मी आपणहून विचारेन म्हणून तू वाट बघितली असशील. हे आता कळायला मार्ग नाही.

मी आधी रडले आणि मग एकटीच मोठ्यानं हसले. आठ वर्षं मी ज्याला तुझी माया समजत होते, ती नुसती खरी नोंद होती. माझ्यासाठीसुद्धा तू एक साधं खोटं लिहिलं नाहीस गं. बाई, तुझी कमाल आहे.

आज शुक्रवार. सकाळी कॉलेजात गेले तर शोकप्रस्ताव फलकावर लावलेला. 'त्यांचे सतरा शोधनिबंध प्रसिद्ध आहेत.' प्राचार्यांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, एकानं काय होतंय? असू दे की, त्यांच्या चांगल्यासाठीच हाय." ऐन पंगतीत अण्णाच बोलल्यासारखं वाटलं. मी म्हणाले, "सर, लई मायेनं मारू नका," आणि पेन घेऊन फलकापाशी आले. सतरावर एक सरळ रेघ मारली. वर सोळा लिहिलं, सही केली, आजची तारीख घातली.

दत्तूमामा मागं येऊन उभे होते. "दुसरी सही राहिली की."

"ती करणारी गेली, मामा."

"आना पेन. डबे मीच वाहिलेते न्हवं?" त्यांनी चष्मा लावला आणि एकेक अक्षर जोडत सही केली. मग लांब होऊन बघितलं आणि म्हणाले, "आता बाई वरडणार न्हाईत."

आता मी आपल्या टेबलाशी बसले आहे, माझ्या बाजूला. वही उघडी आहे. तू सोडलेल्या जागेवर मी सही केली, तारीख आजचीच घातली. आणि खाली समासात माझं म्हणून एक वाक्य लिहिलं: शमा माझ्यासाठी एकदा खोटं बोलली. त्यावर एक सरळ रेघ मारली आहे. खालचं वाचता येतंय.

तुझी,
विजू